मनगटावर टाइप केलेलं

बाबा, एकलहऱ्याच्या पॉवर हाऊसच्या ऑफिसात तुम्ही वीस वर्षं मराठी टायपिस्ट होतात. बदल्यांचे आदेश, साहेबांची भाषणं सगळं तुमच्या बोटांतून गेलं, पण त्यात तुमचं स्वतःचं वाक्य एकही नव्हतं. मग घशाच्या ऑपरेशनमध्ये आवाज गेला आणि तुम्ही एक जुनं टायपिंगचं मशीन घरी आणलंत. पहिलाच कागद ओढून आईपुढे धरलात: 'चहात साखर कमी आहे.' "वाचा गेली, पण खोड नाही गेली," असं म्हणत आईने डोळ्यांना पदर लावला आणि पुन्हा आधण ठेवलं.

त्याच वर्षी मी अंबडच्या कारखान्यात कॉम्प्युटरवर लागले. एका रविवारी परवानगी काढून तुम्हाला तिथे नेलं. चपला दाराबाहेर काढायला लावल्या, तेव्हा तुम्ही हसलात. मी ऐटीत सांगितलं, "बाबा, ह्याला पर्सनल कॉम्प्युटर म्हणतात." त्यात मराठी नव्हतं. न बघता पानंच्या पानं काढणारे तुम्ही एका बोटाने इंग्रजी अक्षरं शोधत बसलात. बऱ्याच वेळाने पडद्यावर त्याच इंग्रजी अक्षरांत उमटलं, 'कुणाचा?' मी म्हटलं, "कंपनीचा."

पुढच्या उन्हाळ्यात तुम्ही दवाखान्यात. मशीनची खडखड वॉर्डात नको, असं सिस्टरने सांगितलेलं. पेन तुमच्या हातात ठरत नव्हतं. आई डबा आणायला गेली होती. दुपारची वेळ. तुम्ही माझा हात ओढून घेता, मनगटावर बोटं चालवू लागता. आधी वाटतं, कुरवाळताय. मग लक्षात येतं, टाइप करताय; ओळ संपली की डावा हात सवयीने मशीनची नसलेली दांडी सरकवतो आहे. मला फक्त इंग्रजी कीबोर्ड येत होता. "हळू, बाबा. परत एकदा." तुम्ही परत केलंत. मी सिस्टरकडे धावले, "इथे कुणाला मराठी टायपिंग येतं का हो?" ती म्हणाली, "ताई, असं काय करता? झोपू द्या त्यांना."

दोन दिवसांनी तुम्ही गेलात. नंतर मी क्लास लावून मराठी टायपिंग शिकले. कुठलं अक्षर कुठल्या बोटाखाली ते सगळं आलं, पण त्या दुपारी कुठलं बोट आधी टेकलं होतं ते काही केल्या आठवत नाही. आज माझ्या टेबलावर माझा स्वतःचा कॉम्प्युटर आहे, त्यात मराठीही आहे. हे त्याच्यावरच लिहितेय. छापणार नाही, आईला तर दाखवणार नाहीच. तिला सांगितलं होतं, बाबा झोपूनच होते. खरं म्हणजे तुम्ही तिसऱ्यांदाही सगळं टाइप केलंत आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिलात. मी म्हटलं, "कळलं, बाबा." तेव्हा कुठे तुमची बोटं थांबली.

मला काहीच कळलं नव्हतं.