लिनाते की बेर्गामो

मिलान, २ मार्च

ती. पेत्राकेमामांना सांदाचा सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, म्हणून गावाकडे पार्सलांची गाडी नेणाऱ्या निकूबरोबर पत्र धाडते. आईचं दुखणं हाताबाहेर गेलंय. डॉक्टर म्हणाले, फार तर दोन आठवडे. ती रोज तुमचं नाव घेते.

मिलानला विमानतळ तीन. मालपेन्साच्या नादी लागू नका, फार लांब पडतं. तुमच्या जवळच्या बाकाउहून थेट विमान बेर्गामोला येतं, पण ते शनिवारी, सोळाला. बुखारेस्टहून लिनातेला गुरुवारी, चौदाला आहे आणि तिथून इस्पितळ जवळ. बुखारेस्टपर्यंत आगगाडीत हाल होतील, ठाऊक आहे. तरी लिनातेलाच या.

तुमच्या मायेची, सांदा

वालेनी, ६ मार्च

चि. सांदा हिला अ. उ. आ.

मी शनिवारी बेर्गामोला उतरतो. रागावू नकोस. हातात पेटती मेणबत्ती नसताना आपलं माणूस जाऊ नये. तुझ्या आजीच्या हाती मीच ती धरली होती. तुझ्या आईसाठी, माझ्या आग्लायासाठीही पाद्रीबाबांचा आशीर्वाद घेतलेली मेणबत्ती आणतोय. बुखारेस्टचे तपासणीवाले ती काढून घेतात, असं इथे सगळे सांगतात. बाकाउला तपासणीवर शेजारणीची सून आहे, ती माझ्या पिशवीला हात लावायची नाही.

तुझ्या आईला म्हणावं, दोन दिवस कळ काढ. गावी येते येते म्हणत तिनं मला वीस वर्षं ताटकळत ठेवलंय.

मामावर लोभ ठेव.
पेत्राके

वालेनी, २६ मार्च

चि. सांदा हिला अ. उ. आ.

सुखरूप पोचलो. तुझ्याकडे असताना एक गोष्ट बोललो नाही. बाकाउला त्या सुनेनं पिशवी उघडायला लावलीच. म्हणाली, आजोबा, मेणबत्ती लपवता कशाला, ती कुठल्याही विमानात चालते. मी हसलो. आग्लाया आदल्या दुपारीच गेल्याचं मला बेर्गामोला तुझ्या तोंडून कळलं.

माझ्यापायी ती मेणबत्तीवाचून गेली. मला झोप लागत नाही.

जमलं तर पूर्वीसारखीच माया कर.
पेत्राके

मिलान, १ एप्रिल

ती. मामांना सा. न. वि. वि.

आईच्या खोलीत प्राणवायू चालू होता, काडी ओढायचीही बंदी होती. तुम्ही गुरुवारी आला असतात तरी मेणबत्ती पेटली नसती. ते ओझं टाकून द्या.

आणि आईनं मेणबत्तीचं नावही काढलं नाही, मामा. शुक्रवारी तिनं दोनदा विचारलं, पेत्राके कुठवर आला. मी सांगितलं, लिनातेला उतरलाय, येतोच आहे. मग ती दाराकडे तोंड करून शांत पडली आणि तशीच गेली.

मी खोटं बोलले. तरी लोभ असू द्या.
सांदा