मंगळवारचा कप्पा

१४ मार्च

चि. धाकट्या,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळं ठीक. आईचा गुडघा कुरकुरतो, पण जीभ ठणठणीत आहे. नव्या शेजारणीला तिनं आठवड्यात सरळ केलं. फोनवर तू 'बरं, बरं' म्हणून मोकळा होतोस, म्हणून हे पत्र.

यंदा माझ्याकडे पहिल्या वर्षाचं तर्कशास्त्र आलंय. संगणकाला माहिती वाक्यांमध्ये कशी द्यायची आणि त्या वाक्यांतून आणखी काय निघतं, ते शिकवायचं. परवा उदाहरण द्यायला फळ्याकडे वळले आणि हातून आपोआप लिहिलं गेलं: गोळी दिली असेल, तर कप्पा रिकामा असतो. कप्पा रिकामा नाही. म्हणून गोळी दिलेली नाही. मग खऱ्या-खोट्याचा तक्ता मांडून दाखवलं, की पहिली दोन वाक्यं खरी असतील तर तिसरं खोटं असूच शकत नाही.

मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "मॅडम, पण पहिलं वाक्य खरं आहे हे कोणी तपासलं?"

मी म्हटलं, ते तर्काचं काम नाही, यंत्र दिलेलं वाक्य खरंच धरून चालतं. तिचं समाधान झालं. मी मात्र तास लवकर सोडला.

बाबा गेले त्या मंगळवारी संध्याकाळी वारांच्या कप्प्यांची ती गोळ्यांची डबी उघडून सगळ्या नातेवाइकांसमोर मी हेच बोलले होते. मंगळवारचा कप्पा भरलेला आहे, म्हणजे सकाळची गोळी तू दिलीच नाहीस. तू आधी म्हणालास, दिल्यासारखं वाटतंय. आणि शेवटी, "ताई म्हणतेय, तर राहिलीच असेल माझ्याकडून." कॉलेजात तर्क शिकवणारी बहीण, तिच्यापुढे तू काय बोलणार?

माझी खोड तुला माहीत आहे. रिकामं काही दिसलं की लगेच भरून ठेवायचं, मिठाची बरणी असो की पाण्याची बाटली. त्या दिवशी तू कामावर गेल्यावर नऊला मी आले, मंगळवारचा कप्पा रिकामा दिसला, आणि पुढच्या आठवड्यासाठी भरून टाकला. दुपारी बाबा गेले. त्या गडबडीत मी ते साफ विसरले.

इथंच थांबता आलं असतं तर नुसती चूक ठरली असती. पण आठव्या दिवशी औषधं आवरताना डबीतल्या आणि पाकिटातल्या मिळून, तू दिली नसतीस तर उरायला हव्या होत्या त्याहून एक गोळी कमी भरली, आणि सगळं लख्ख आठवलं. तोवर तू घर सोडलं होतंस. मी स्वतःला समजावलं, आता कशाला उकरून काढायचं. खरं म्हणजे लाज वाटली. सहा वर्षं वाटतेय.

मागच्या महिन्यात आईला तुझ्याकडे ठेवून घे म्हटलं, तेव्हा तू म्हणालास, "नको ताई. तिच्या गोळ्या असतात. माझा माझ्यावर भरवसा नाही." ते ऐकूनही मी गप्प राहिले. आईला वाटलं, तुला ती नकोशी झाली.

काल तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मी तुझ्या हुशारीवर विसंबले. माझ्या लेकाला एकदाही विचारलं नाही." आज सकाळपासून बॅग भरतेय. रविवारी तुझ्याकडे येईल आणि गोळ्या तुझ्याच हातून घेईल. मला सोबत येऊ नकोस म्हणाली.

माफ कर असं लिहायला हात धजत नाही. एवढंच लिहून देते, कुणाला दाखवायचं तर दाखव: त्या सकाळी तू बाबांना गोळी दिली होतीस, आणि मला ते सहा वर्षं माहीत होतं.

ताई