एकेचाळीस थिसलबेक

३ ऑगस्ट २०२५, रविवार

ठराव: शांत राहायचं.

वर्षाचा लीड्सहून फोन. लग्न करायचंय. मुलगा तिच्याच लॅबमध्ये आहे. नाव एडविन, आडनाव थिसलबेक. मी शांतपणे म्हटलं, पुन्हा सांग. असं पाच वेळा शांतपणे म्हटलं. शेवटी ती म्हणाली, आई, प्लीज, आता चौकशा सुरू करू नकोस, त्याच्याशी बोल, मग ठरव. मी म्हटलं, मी कशाला चौकशी करू?

संध्याकाळी सुरतेच्या दुसऱ्या टोकाहून, कोसाडहून, माझे थोरले दीर आले. सुकदेवभाऊजींचं म्हणणं सरळ आहे. मुलगा गोरा असो की काळा, घराणं कळल्याशिवाय आपल्यातलं कोणी अक्षता टाकायला येणार नाही. मूळ गाव कोणतं, कूळ कोणतं, देवक काय, घरं किती, सोयरे कोण. दसऱ्यानंतरच्या रविवारी बैठक. सासूबाई गप्प होत्या, म्हणजे भाऊजींच्याच बाजूने. आणि वर्षाने फोनवर दोनदा सांगितलंय की आजीच्या अक्षतांशिवाय ती लग्नाला उभी राहणार नाही.

मी म्हणाले, घराणं मी शोधते. शाळेत बावीस वर्षं क्लार्क आहे, जनरल रजिस्टर माझ्या हातचं आहे. आडनावातलं मला कळतं.

ही चौकशी नाही. हा अभ्यास आहे.

४ ऑगस्ट

नेटवर सापडलं. थिसलबेक आडनावाची माणसं जगात एकूण एकेचाळीस.

एकेचाळीस! आमच्या शाळेत पाचवी ब मध्येच चौदा पाटील आहेत. डिंडोलीच्या आमच्या बिल्डिंगमध्ये पाटलांच्या नऊ नेमप्लेटी, आणि नवांपैकी कोणी कोणाचं नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या पाटलांना मी अकरा वर्षं ओळखते ती एवढ्यासाठी, की त्यांचं लाइट बिल आमच्याकडे येतं.

सकाळी वाटलं, दुर्मिळ म्हणजे उच्च.
दुपारी वाटलं, बाकीचे गेले कुठे?
संध्याकाळी ह्यांना विचारलं. हे म्हणाले, हजीऱ्याच्या कंपनीतून बसने दीड तास उभं राहून आलेल्या माणसाला असले प्रश्न विचारू नयेत.

६ ऑगस्ट

थिसलबेक घराण्याच्या इतिहासाचं एक पान मिळालं. खाली सचिवांचा ईमेल. लगेच लिहिला. इंग्रजी आपलं शाळेच्या पत्रांतलं: रिस्पेक्टेड सर/मॅडम, विथ रेफरन्स टू द अबव्ह सब्जेक्ट. वर सब्जेक्ट लिहायचा राहिला.

खोटं बोलायचं नाही, पण ओळखही द्यायची नाही. म्हणून सही केली: जे. जी. पाटील, संशोधक, सुरत, इंडिया. पाटील हा एक बुरखाच आहे. त्यात माणूस कोणाला सापडत नाही.

८ ऑगस्ट

ठराव: ईमेल दिवसातून एकदाच बघायचा.

आज एकदाच बघितला. अकरा वाजेपर्यंत एकदाच. नंतर मोजलं नाही.

१० ऑगस्ट, रविवार

नवा विचार. इंग्रज सुरतेत आधी आले, मग बाकी देशात गेले. थिसलबेकही आले असतील. म्हणजे मुलगा मुळात आपल्याच गावचा.

शाळेतल्या शिपाईबाई उषाबाईंना घेऊन कतारगामला इंग्रजांच्या जुन्या कबरी बघायला गेले. केवढाले घुमट! दीड तास फिरलो. थिसलबेक नाही. एका कोपऱ्यात एक झिजलेला दगड मिळाला. वॉचमन म्हणाला, बेन, आमां तो कशुं वंचातुं नथी. उषाबाई पण म्हणाल्या, मॅडम, हा तर कोरा दगड आहे, कपडे धुवायच्या दगडासारखा. मी म्हटलं, उषाबाई, अभ्यासाला नजर असावी लागते.

फाइलमध्ये नोंद केली: "सुरतेशी जुना संबंध (शक्यता)."

जेवण झाल्यावर "शक्यता" खोडलं.

१४ ऑगस्ट

उत्तर आलं! सचिव बाई आहेत, नाव हिल्डा थिसलबेक, निवृत्त शिक्षिका. इतकं गोड पत्र, की मी ते स्टाफरूममध्ये मोठ्याने वाचलं. मूळ जागा उत्तर इंग्लंडमधला एक ओढा. ओढ्याकाठी एक काटेरी झाड उगवतं, जांभळ्या फुलांचं. त्या झाडावरून आणि ओढ्यावरून आडनाव.

म्हणजे मूळ गाव मिळालं आणि देवकही मिळालं. आठ दिवसांत. भाऊजींना वर्ष लागलं असतं.

सासूबाईंना सांगितलं, देवक काटेरी झाड आहे. त्या लसूण सोलत होत्या. म्हणाल्या, "काटास्नं देवक? मंग मांडवले काय बाभूळ बांधशी का वं?"

त्यांना अभ्यासाची गोडी नाही.

२० ऑगस्ट

हिल्डाबाईंना दुसरा ईमेल. बावीस प्रश्न. आपल्याकडे सोयरीक जुळवताना जे विचारतात तेच, पण शास्त्रीय भाषेत. घराण्यात कोड आहे का, वेड आहे का, दारू कोण पितं, जमीन किती, घटस्फोट किती, मुलं आईबापांना सांभाळतात की नाही. वर लिहिलं, हे फक्त संशोधनासाठी आहे.

वर्षाचा फोन आला होता. एडविनशी बोलतेस का म्हणाली, तो इथेच उभा आहे. म्हटलं आत्ता नको, कामात आहे.

२५ ऑगस्ट

बाईंनी बावीसच्या बावीस प्रश्नांची उत्तरं दिली. जमीन नाही. कोड नाही. एक काका दारू प्यायचे, पण बासरी फार सुंदर वाजवायचे. घटस्फोट दोन, त्यातला एक बाईंचा स्वतःचा. किती मोकळं मन!

शेवटी त्यांनी उलट विचारलंय: पाटील किती आहेत? तुम्ही सगळे एकमेकांना ओळखता का? आणि सुरतेतलं एखादं पाटील कुटुंब कसं असतं?

त्यांना आपल्या समाजाचा अभ्यास करायचा असणार. मी चार पानं लिहिली. उदाहरणादाखल सुरतेतलं एक पाटील कुटुंब घेतलं, नाव न घेता. त्यातली आई शांत, उदार, सुगरण आणि अजिबात लुडबूड न करणारी आहे. वडील कष्टाळू, पण घोरतात. मुलगी हुशार, जरा उतावळी. तिच्या आईने तिला परदेशी पाठवताना आपल्या पाटल्या मोडल्या, हे पण लिहिलं. मग ते वाक्य काढलं. मग परत घातलं.

२७ ऑगस्ट

गणपती बसले. मोदक दुकानातून आणले, कारण थिसलबेकांची वंशावळ चार्टपेपरवर उतरवायची होती. सासूबाईंनी मोदक हातात घेऊन खालीवर पाहिला आणि काही न बोलता देवासमोर ठेवला. त्यांचं न बोलणं फार ऐकू येतं.

७ सप्टेंबर, रविवार

मला आज लिहावंसं वाटत नाहीय.

बाईंचा ईमेल आला. वंशावळीच्या सगळ्यात वरच्या चौकोनात कोण, असं मी विचारलं होतं. वरती कोणी नाही. पावणेदोनशे वर्षांपूर्वी त्या ओढ्याकाठी, काट्यांच्या आडोशाला टोपलीत एक बाळ सापडलं. मुलगा. कोणाचा, ते कधीच कळलं नाही. चर्चच्या कारकुनाला रजिस्टरात आडनावाचा रकाना रिकामा सोडता येईना, म्हणून त्याने सापडलेल्या जागेचंच नाव लिहिलं. त्याआधी थिसलबेक नावाचं कोणी नव्हतं. आज जगात आहेत ते एकेचाळीस त्या एका टोपलीतले.

म्हणजे कूळ नाही. घराणं नाही. भाऊजींना काय सांगू?

पण राहून राहून मला तो कारकूनच दिसतोय. माझ्याही रजिस्टरात तसे तीन रकाने आहेत. एकदा कोणीतरी आणून सोडलेल्या पोरीचं नाव भरताना मी पेन उघडून अर्धा तास बसले होते, आणि हेडसर म्हणाले होते, मॅडम, काहीतरी लिहा, शाई वाळेल. आणि मी तरी कोण? लग्नाच्या दिवशीपर्यंत मी आनंदी होते. ह्यांनी तांदळाच्या ताटात अंगठीने जयश्री लिहिलं, आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या असाव्यात.

असो. खोटं बोलायचं नाही. फक्त मांडणी नीट करायची. फाइलमध्ये लिहिलं: "मूळ पुरुषाचा चर्चशी जवळचा संबंध."

२८ सप्टेंबर

फाइल तयार. बासष्ट पानं, स्पायरल बाइंडिंग, मुखपृष्ठावर काटेरी फूल. झेरॉक्सवाला म्हणाला, बेन, पीएचडी? मी नाही म्हटलं नाही.

५ ऑक्टोबर, रविवार. बैठक.

भाऊजी, त्यांच्या घरचे, सासूबाई, आम्ही दोघं. मी उभी राहून वाचलं. पाणी प्यायला दोनदा थांबले. चर्चच्या वाक्याला भाऊजींनी मान डोलावली. एकेचाळीस ऐकल्यावर मात्र म्हणाले, एकेचाळीस? आपल्याकडे पंगतीत वाढणारे एवढे असतात.

तरी चाललं होतं चांगलं. तेवढ्यात हे बोलले. वर्षातून एकदा बोलतात, ते आज. म्हणाले, एकेचाळीसातली पोरं आणि म्हातारी काढली तर किती उरतात?

म्हटलं, वीसेक.

म्हणाले, मग ही जी बाई तुला पत्रं लिहिते, ती थिसलबेकच ना? ती एडविनची कोण?

मी म्हटलं, कोणी नाही हो! आडनाव सारखं असलं म्हणून काय झालं? तिसऱ्या मजल्यावरचे पाटील आपले कोण?

भाऊजींनी बशी हळूच खाली ठेवली. हे म्हणाले, आणि त्या लोकांना सुरतेतले पाटील किती माहीत असतील?

मी चहा गरम करायला आत गेले. चहा गरमच होता.

५ ऑक्टोबर, त्याच दिवशी, सहा वाजता

शेवटी वर्षाला फोन केला. हिल्डा थिसलबेक एडविनची सख्खी आत्या. त्याची आई तो चार वर्षांचा असताना गेली, तेव्हापासून तिनेच वाढवलंय त्याला. पहिल्या ईमेलची सही वाचूनच तिने ओळखलं. तिला सुरतेची एकच पाटील माहीत होती.

म्हणजे बावीस प्रश्न तिला. कोड, वेड, दारू, सगळं तिला. आणि ती शांत, उदार, लुडबूड न करणारी आईसुद्धा तिलाच.

म्हटलं, वर्षा, तुला कधीपासून माहीत होतं? म्हणाली, ऑगस्टपासून. आत्या म्हणाल्या होत्या, आईला सांगू नकोस, छान लिहितेय. सगळ्या थिसलबेकांनी एका रविवारी जेवायला जमून तुझी पत्रं वाचली, आई. मोठ्याने.

वर्षा हसत होती की रडत होती ते कळेना. मग ती म्हणाली, पाटल्यांचं मला तू कधी सांगितलं नाहीस.

मी फोन सासूबाईंकडे दिला आणि गॅलरीत जाऊन वाळलेले कपडे परत वाळत घातले.

७ ऑक्टोबर

ठराव: फाइल जाळायची. 

बाइंडिंग प्लास्टिकचं आहे, वास येईल. कपाटावर ठेवली.

१२ ऑक्टोबर, रविवार

आत्याबाईंचा ईमेल. उघडायला दोन दिवस लागले. त्यांनी लिहिलंय, पावणेदोनशे वर्षांत आमच्या त्या बाळाची चौकशी करायला कोणीच आलं नव्हतं. तुम्ही पहिल्या.

सासूबाईंना वाचून दाखवलं. भाऊजीही होते. टोपलीची गोष्ट या वेळी सगळी सांगितली, मांडणी न करता. भाऊजी म्हणाले, मग कूळ? मी म्हटलं, नाही. घराणं? म्हटलं, हेच आहे तेवढं. ते बराच वेळ चष्मा पुसत बसले.

सासूबाई म्हणाल्या, "इतला प्रश्न इचारात हाई बाईनी, तरी तिनी सर्वास्ना जबाब दिधा. भली सोयरी शे ती. मी अक्षता टाकसू. तू तुनं दख, सुकदेव."

भाऊजी म्हणाले, मी कुठे नाही म्हणालो? मी फक्त विचारलं.

मग वर्षाला फोन लावला आणि मी पहिल्यांदा एडविनशी बोलले. काय बोलावं सुचेना. दोन महिने त्याच्या खापरपणजोबांमध्ये गेले, त्याच्यासाठी एकही प्रश्न शिल्लक नव्हता. म्हटलं, जेवलास का? तो म्हणाला, हो, आई. मराठीत म्हणाला. बाकी काही आठवत नाही.

१९ ऑक्टोबर, रविवार

तारीख ठरली, १८ जानेवारी. आत्याबाई विचारतात, किती जणांनी आलेलं चालेल? मी घाईघाईत सगळेच या असं लिहून पाठवलं. आपल्याकडे तसंच लिहितात. त्याचा अर्थ सगळे या असा नसतो.

तेहतीस जण येतायत. तिघी गरोदर, एक बाळ, चार फार म्हातारे, एवढेच मागे राहणार. तिकिटं काढलीसुद्धा.

भाऊजींनी मुंबई एअरपोर्टवरून आणायला पंचेचाळीस सीटची लक्झरी बस ठरवली. पृथ्वीवरचं एक अख्खं आडनाव एका लक्झरीत येतंय आणि तरी बारा सीट रिकाम्या आहेत. त्या बारा सीटवर बसून पाहुण्यांना घ्यायला कोणी जायचं, यावरून कोसाडच्या, डिंडोलीच्या आणि गावाकडच्या पाटलांमध्ये आतापासून भांडण. तिसऱ्या मजल्यावरचे पाटीलही विचारून गेले.

ठराव: मी यात पडणार नाही.

फक्त यादी मी करते, असं आत्ताच सगळ्यांना सांगून आले.