कपाटातला स्प्रे

बाई, तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली की दोंडाईच्याच्या शाळेत तुमची आठवण काढणारंही आता फारसं कुणी उरलेलं नाही. मी चोपड्याजवळ एका शाळेत शिकवते. परवा माझ्या सातवीच्या वर्गात एका मुलीला फिट आली, आणि तेव्हापासून मनातल्या मनात तुमच्याशीच बोलते आहे. आज ते कागदावर उतरवते.

मला पहिली फिट तुमच्या वर्गात आली होती. शुद्धीवर आले तेव्हा माझं डोकं तुमच्या मांडीवर होतं, आणि चप्पल हुंगवायला आलेल्या शिपायावर तुम्ही कडाडत होता, "ती आधी पायात घाला!" त्यानंतर मी शाळेत जायचंच नाही म्हणून बसले. तुम्ही घरी आलात, थेट स्वयंपाकघरात. आई ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी थापत होती आणि गावाला कळलं तर पोरीचं कसं व्हायचं म्हणून रडत होती. तुम्ही पाटावर बसलात आणि मला म्हणालात, "वर्गाला माहीत असू दे. माहीत नसेल तर घाबरून पळतील सगळे. मग तुला धरणार कोण?"

या मुलीचं उलटं झालं. फिट लांबली तर नाकात मारायचा स्प्रे तिच्या वडिलांनी शाळेत आणून दिला, डॉक्टरांनी सांगितलेलं मला नीट समजावलं, आणि शेवटी हात जोडले, "वर्गात कोनले कळू देऊ नका, मॅडम." मुख्याध्यापकांनी स्प्रे ऑफिसच्या कपाटात ठेवला आणि चावी स्वतःच्या खिशात.

परवा गणिताचा तास चालू आहे. बाक कोसळल्याचा आवाज होतो, मी फळ्याकडून वळते, तर ती खाली पडलेली, हातपाय झटकतायत, डोळे वर गेलेत. मुलं दाराकडे पळतात. मी तिला कुशीवर वळवते, डोक्याखाली हात देते, मनगटावरचं घड्याळ बघत राहते. पाच मिनिटांच्या वर गेलं तर स्प्रे द्या, असं डॉक्टरांनी सांगितलेलं. पाच मिनिटं सरली, झटके थांबेनात, ओठ निळसर व्हायला लागले. मुख्याध्यापक कानाला फोन लावून दारात उभे.

"सर, स्प्रे. कपाटाची चावी द्या कुणाकडे तरी."

"अँब्युलन्स निघालीय, मॅडम. आपण औषधाला हात लावायचा नाही. उद्या काही झालं तर?"

"आत्ता होतंय, सर!"

निवृत्तीला आलेला माणूस, चेहरा पांढराफटक पडलेला. हात खिशाकडे जायचा आणि परत यायचा. मला तिला सोडून उठता येत नव्हतं. मग बाई, मी तुमच्या आवाजात ओरडले. "स्प्रे आणा!" शेजारचे वर्गसुद्धा गप्प झाले. ते स्वतःच धावत गेले आणि घेऊन आले. मी तो आधी एका नाकपुडीत मारला, मग दुसरीत. काहीच होईना. माझ्या हातून काही चुकलं की काय, म्हणून मी पुन्हा घड्याळ बघितलं. मग तिचा एक पाय सैल पडला. मग हात. तिने एक मोठा, घरघरता श्वास घेतला, आणि सर दारातच खाली बसले.

तिची आई दवाखान्यात आली ती शेतातून तशीच. डॉक्टरांनी धोका टळल्याचं सांगितलं होतं, पोरगी शांत झोपली होती. तिच्याकडे बघून झाल्यावर आईने मला बाहेर नेलं आणि हळूच विचारलं, "बठ्ठास्नी देखं का, मॅडम?"

"हो. सगळ्यांनी."

ती भिंतीला टेकली. "आते हिनं लगीन कसं व्हई?"

तेव्हा, आजवर सासरी नवऱ्याखेरीज कुणालाच न सांगितलेलं, मी त्या बाईला सांगितलं. "अक्का, मलाही हेच होतं. लग्न झालं, दोन मुलं आहेत, नोकरी करते."

ती भिंतीपासून सरळ झाली. "आनी गोळ्या? आते बी चालू शेतस का?"

"कधीच बंद झाल्या," मी म्हणाले. तिच्या चेहऱ्यावर जरा रंग आला. फिट आल्यावर काय करायचं ते वर्गाला शिकवू का, असं मी विचारलं, तर तिने मान हलवून होकार दिला.

बाई, हे कागद कुणाच्या हाती पडायचे नाहीत, म्हणून लिहिते. गोळ्या बंद झालेल्या नाहीत. रोज जेवणानंतर घेते, व्हिटॅमिनच्या डबीतून.