फरशी पुलाच्या अलीकडं

१२ ऑगस्ट २०००, शनिवार. जिंतूर.
झड काही थांबंना. तिसरा दिवस. वेरूळ सोडल्यापासून अंगावरचा एक कपडा वाळलेला नाही. धर्मशाळेत उतरलोय. पाच जणांत मी एकटी बाई, म्हणून कोपऱ्यात ओल्या चादरीचा आडोसा.
तीन ज्योतिर्लिंगांची सायकल यात्रा ही यांची कल्पना. परळी झालं, घृष्णेश्वर झालं. औंढा घराजवळचं, म्हणून शेवटाला. पंधराला सकाळी हिंगोलीत सत्कार आहे, तोही यांनीच ठरवलेला. यांना गियरची नवी सायकल, मला शाळेत शिकवायला जाते ती जुनीच. निघताना म्हणाले, "तू असलीस की पेपरवाले फोटो छापतात."
तेव्हा हसले होते मी. काहून हसले?

१३ ऑगस्ट, रवि. औंढा.
चाळीसेक किलोमीटरला सात तास. रस्ता जागोजाग उकरलेला. काळी माती मडगार्डात जाऊन बसते, चाक फिरतच नाही. उतरायचं, काडीनं खरवडायचं, पुन्हा बसायचं. ब्रेक धरत नाहीत.
हे आणि यांच्या ऑफिसातली दोघं कधीच पुढं. माझ्यासोबत फक्त शेषरावकाका. आमच्या गल्लीतले, एस.टी.चे रिटायर ड्रायव्हर. साठी उलटली, पण हौस दांडगी. सकाळपासून खोकून राहिले. खताच्या पोत्याची खोळ करून मला दिली, स्वतः भिजले. "बोलत राय पोरी, म्हंजे कळंल मला, मागं हायेस का न्हाई ते."
पोचलो तर तिघांचं दर्शन झालेलं, जेवण झालेलं. यांनी घड्याळ दाखवलं. "तुझ्यामुळं सगळ्यांचा वेळ जातोय."
काकांसाठी थांबत होते, हे सांगितलंच नाही. सांगून काय.
नागनाथापुढं उभी राहिले, काही मागायला सुचेना. केसांतलं पाणी फरशीवर गळत होतं, मागची बाई खेकसली.

१४ ऑगस्ट, सोम. तांडा.
बोटं आखडलीत. थांबत थांबत लिहिते.
चार किलोमीटर वाचतील म्हणून यांनी आतला रस्ता धरला. दुपारी ओढा लागला. फरशी पुलावरून पाणी, मांडीला लागेल एवढं, काट्याची झुडपं वाहत चाललेली. अलीकडं एक ट्रॅक्टरवाला उभा. म्हणाला, "आमी ट्रॅक्टर घालून न्हाई राहिलो, अन् तुमी सायकली घालता?"
हे म्हणाले, "उद्या झेंड्याच्या आत पोचायचंय. पाणी वाढायच्या आधी निघू."
काकांना ताप. नीट उभं राहवत नव्हतं. मी म्हटलं, काकांना पाणी ओढून नेईल.
"मग त्यांना ठेवू इथं. तू चल."
"आजारी माणूस असा ठेवतात का?"
"येणार असशील तर ये, नाहीतर राहा."
सायकली खांद्यावर घेऊन तिघं उतरले. मधेच एक जण घसरला. यांनी झटकन त्याचा दंड पकडला, पलीकडं जाईपर्यंत सोडला नाही. म्हणजे येतं यांना हे. पलीकडं जाऊन एकदा वळून पाहिलं. मी हात केला नाही. यांनीही नाही.
ट्रॅक्टरवाल्याचा तांडा जवळच. त्याची आई, शेवंताबाई, तिनं चुलीपाशी बसवलं, कोरडी साडी दिली. "मालक कुठं हाय तुझा?"
"पुढं गेला."
गेला. अकरा वर्षांत पहिल्यांदा एकेरी. जीभ अडखळली नाही.

१५ ऑगस्ट, मंगळ. तांडाच.
पाणी कालच्यापेक्षा वर. तांड्याच्या शाळेचे गुरुजी ओढ्यापलीकडं अडकलेले. मी शिक्षिका हे कळल्यावर लोकांनी झेंडा लावायला मला नेलं. दोरी फुगलेली, झेंडा उलगडेचना. सगळे भिजत उभे राहिले, कोणी हललं नाही.
काकांची छाती वाजते. शेवंताबाईनं काढा दिला. दवाखान्यात न्यायला पाहिजे, पण नेणार कुठून? मागं औंढ्याच्या वाटेवरचा नालाही भरून वाहतोय.
हिंगोलीत आता हार पडत असतील. राग, नुसता राग. भाकरी चावताना दाढा दुखल्या, इतक्या आवळून बसले होते.

१७ ऑगस्ट, गुरु. हिंगोली.
काल दुपारी पाणी उतरलं. ट्रॅक्टरमधून काका, मी, दोन सायकली, सरळ दवाखान्यात. न्यूमोनिया. डॉक्टर ओरडले, एवढा उशीर का केला म्हणून. मी ऐकून घेतलं. ज्यांनी ऐकायचं ते नव्हते तिथं. रात्री काकांचा मुलगा आला तेव्हा घरी आले.
हे म्हणाले, "आलीस? निरोप पाठवणारच होतो."
आज पेपर पुढं केला. फोटोत हे आणि ते दोघं, गळ्यात हार. खाली छापलंय, पाचही जणांनी यात्रा पूर्ण केली. 'पत्नीला कसलाही त्रास झाला नाही, असे त्यांनी सांगितले.'
मी म्हटलं, काका ऑक्सिजनवर आहेत.
"मी आधीच नको म्हणत होतो त्यांना."
यांनी पेपर घडी करून कपाटात ठेवला. जपून.

१९ ऑगस्ट, शनि.
आज माझ्या शाळेत आमच्या दोघांचा सत्कार. हेडमास्तरांना हेच भेटून आले. "तू दोन मिनिटं बोल. ओढ्याचं काढू नको, लोक उगीच अर्थ काढतात."
काल काकांना सांगितलं. नळी काढलीय, पण बोलताना धाप. म्हणाले, "तुला त्याच घरात राहायचंय पोरी. माझ्यापायी मोडू नको." मग डोळे मिटले. वाटलं झोपले. तर, "पर खोटं बी नको बोलू."
दोन्ही कसं जमायचं, ते काही बोलले नाहीत.
चार ओळी लिहिल्या, फाडल्या. परत लिहिल्या, पर्समध्ये टाकल्या. काय बोलेन, खरंच माहीत नाही.
हे मोटरसायकल काढून तयार. पाऊस आहेच. "बस मागं, सायकलवर साडीचा चिखल होईल."
"तुम्ही व्हा पुढं," म्हटलं. "सवय आहे तुम्हाला."
गेले नाहीत. दारातच उभे आहेत, गाडी चालू ठेवून. मी सायकलची किल्ली शोधतेय.