बाहेरून कुलूप

३ फेब्रुवारी, मंगळवार

नर्सरीच्या फाटकाला बाहेरून कुलूप! भर दुपारी, आत माणसं कामाला असताना. मुकादमानं खिशातून किल्ली काढली, मला आत घेतलं आणि पुन्हा कुलूप लावलं. म्हटलं, हे काय? म्हणे, "गुरं शिरतात हो, मॅडम." गुरांना कडी पुरत नाही वाटतं!

दवाखान्याच्या मोठ्या डॉक्टरीणबाईंनी टोकलं नसतं तर मी गेलेच नसते. त्यांच्या आवारात आम्ही बाग करतोय. परवा म्हणाल्या, "रोपं वाढवतं कोण?" मी सांगितलं, नर्सरीवाले शेठ. "शेठ स्वतः माती कालवतात?" इतकी वर्षं बागा करतेय, पण माल आणायला कायम धाकटा भाऊ जातो. आपण कधी डोकावलोच नाही.

शेडनेटच्या हिरव्या जाळीखाली बायका पिशव्यांत माती भरत होत्या. एक मान वर झाली नाही. एकीला विचारलं, कुठल्या गं तुम्ही? उत्तर मुकादमानं दिलं. दुसरीला नाव विचारलं — तेही त्यानंच सांगितलं! मग त्याचा फोन वाजला, तो जरा बाजूला झाला. तेवढ्यात कपाळावर व्रण असलेली एक बाई खाली बघतच पुटपुटली, "बाई, आज वार कोणता?"

मंगळवार, म्हटलं. तिनं मान हलवली आणि पुढची पिशवी घेतली.

४ फेब्रुवारी

जेवताना धाकट्याला सांगितलं. हसला. "ताई, तू रोपं बघ. माणसं बघायला मुकादम आहे." वर म्हणे, साप साप म्हणून भुई धोपटू नकोस. आई गेल्यावर याला मी वाढवलाय, याचं हसू मला कळतं. आज जरा लांबलं.

९ फेब्रुवारी

गुलाब निवडायच्या निमित्तानं पुन्हा गेले. जाताना सगळ्यांसाठी हातमोजे नेले. "वा, वा! मीच वाटतो," म्हणून मुकादमानं गठ्ठा उचलला आणि थेट आपल्या खोलीत नेऊन टाकला. माझ्या डोळ्यांदेखत!

तो आत गेला तेवढीच फट मिळाली. व्रणवालीचे हात बघितले. फवारणीनं बोटांची सालं निघालीत, नखं काळी पडलीत. विचारलं, जात का नाही इथून? माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच खुळी.

"कशी जाऊ? ओळखीची कागदं शेठनी ठेवून घेतली. पोरगी गावाला आहे माझी. एक पळाली होती, तर तिच्या घरी माणसं गेली."

"पुढे?"

"आता कोणी पळत नाही."

मुकादम आला. ती परत माती भरू लागली. मी उगाचच मोठ्यानं म्हटलं, "हा लाल गुलाब छान आहे हां!" माझाच आवाज मला ओळखू येईना.

१० फेब्रुवारी

अन्न जात नाही. आमच्या सगळ्या बागा डोळ्यांपुढे येतात. कॉलेजची, बँकेची, त्या लग्नाच्या हॉलची. लोक तिथे फोटो काढतात.

१२ फेब्रुवारी

शेठचा फोन! आजवर कधी नाही, आज स्वतःहून. "ताईसाहेब, तुमचा धंदा छान बहरलाय. कुणाची नजर नको लागायला." एवढंच. मग खुशाली विचारून ठेवला.

१३ फेब्रुवारी

आपल्या अंगणातलं शेडनेट फाटलंय. माळी म्हणतो, माकडं. माकडं इतकं सरळ कापतात?

१६ फेब्रुवारी

डॉक्टरीणबाईंच्या ओळखीनं, अशा माणसांना सोडवणाऱ्या एका संस्थेच्या बाई भेटल्या. वयस्कर, शांत. मी तावातावानं म्हटलं, उद्यापासून त्या नर्सरीचा माल बंद! तर त्यांनी हातच जोडले. "असं करू नका. वास लागला तर त्यांना एका दिवसात उचलून दुसरीकडे नेतील. मग शोधणार कुठे? गुरुवारी सकाळी पोलीस घेऊन जातोय. तोवर नेहमीसारखं वागा. आणि कुणाला — कुणालाही — बोलू नका."

म्हणजे नेहमीसारखी ऑर्डरही द्यायची. दिली. शेवंतीची.

१८ फेब्रुवारी

धाकट्याला बोलले.

बोलायचं नव्हतं. पण सकाळपासून माझ्यामागे — "ताई, काय झालंय? जेवत नाहीस, बोलत नाहीस." शेवटी चहा पुढे ठेवून पायाशी बसला, लहानपणी बसायचा तसा. मग राहवेना. सगळं सांगितलं, उद्याचंसुद्धा. ऐकून घेतलं, म्हणाला, "बरं केलंस. सुटतील बिचाऱ्या." टेम्पोत डिझेल भरून येतो म्हणून गेला.

छाती हलकी झाली. सख्ख्या भावाला नाही सांगायचं तर कुणाला?

१९ फेब्रुवारी, गुरुवार

कोणी नाही! नर्सरी रिकामी.

फाटक सताड उघडं. पिशव्या अर्ध्या भरलेल्या, खुरपी जिथल्या तिथे. मागच्या पत्र्याच्या खोलीत चूल अजून कोमट. एका पातेल्यात भिजवलेले तांदूळ तसेच. शेठ हात चोळत उभा, "मजूर? आमच्याकडे कायमचे मजूर नसतातच हो!"

पोलीस चरफडत परतले. संस्थेच्या बाई गाडीत बसल्या. मग म्हणाल्या, "कुणाला बोललात?"

"नाही. म्हणजे — घरच्यांशिवाय."

त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि खिडकीबाहेर तोंड वळवलं. मला इतका राग आला! घरचे म्हणजे काय परके?

२१ फेब्रुवारी

डॉक्टरीणबाईंचा निरोप — व्रणवाली सापडली! नेताना चालत्या गाडीतून तिनं उडी टाकली. रस्त्यावरच्या लोकांनी दवाखान्यात आणलं. पाय मोडलाय. कुणाशी बोलत नाही. बाकीच्यांचा पत्ता नाही. उद्या जाते. कदाचित माझ्याशी बोलेल.

२२ फेब्रुवारी

हात धरून बसले होते तिचा. बोलायला लागली होती. तेवढ्यात दारातून धाकटा — "ताई, चल, किती वेळ?" त्याला बोलावलं नव्हतं. बाईनं चादर तोंडावर ओढली. अख्खी खाट हलत होती.

त्याला खाली थांबवलं. ती चादरीतूनच म्हणाली, "गावाहून आम्हाला ह्यानंच आणलं. नेताना गाडीही हाच चालवत होता."

जिन्यात उभं राहून पोलिसांना फोन लावला. म्हटलं, बाकीच्या बायका कुठे आहेत हे माहीत असलेला माणूस आत्ता दवाखान्याच्या फाटकाशी उभा आहे. नाव सांगितलं. तिकडून विचारलं, तुमचं त्यांच्याशी नातं?

सांगितलं.