माशाची काळिजं

प्रिय सिग्नेताई,

गुरुवारी आपल्या गेस्ट हाऊसवर अठरा-एकोणीस वर्षांची एक मुलगी आली. नोव्हेंबरात इथे कोण येतं? सफरचंदं संपली की पर्यटक जातात आणि सुपीरियर सरोवराचा वारा तेवढा मागे उरतो. दुपारी मी व्हाइटफिश तळत होते. ती म्हणाली, "मला काळिजं मिळतील? कांदा आणि ढोबळी मिरची घालून?"

झारा माझ्या हातातच राहिला. बाहेरची माणसं काळिजांचं नाव काढलं तरी नाक मुरडतात. ते खाणं आपलं, इथल्या कोळ्यांच्या घरातलं.

"कुणी गं शिकवलं तुला हे?"

"आईनं. ॲरिझोनात माशाची मिळत नाहीत, म्हणून कोंबडीची करते आणि खाताना कुरकुरते."

मी हसले, ही कुरकुर तर तुझीच, आणि मग खुर्चीत बसलेच. बाबांना पुरलं त्या दिवशी आपण भांडलो, त्यानंतर तुला मुलगी झाली, हेही मला ठाऊक नव्हतं.

"मावशी मला दारात उभं करणार नाही, असं आई म्हणते. म्हणून मैत्रिणीकडे जाते सांगून आले. तिला कळवू नकोस हं, शपथ घे."

मी शपथ घेतली, त्यामुळे हे पत्र काही टाकता येणार नाही. पण तिला मी किती विचारते आहे! तू अजून शीळ घालतेस का? केस पिकले का? माझं नाव काढतेस तेव्हा चेहरा कसा होतो? याचं उत्तर ती टाळते.

ती सोमवारपर्यंत आहे. तू आपणहून फोन केलास, तर मात्र मला खोटं बोलता येणार नाही. नंबर तोच आहे.

तुझी,
रग्ना